गावाचा नकाशा कोणी काढावा?



दिवसभर उन्हाने तापलेले हे पटांगण आता कुठे निवू लागले आहे. अशा वेळी गच्चीवर वारा घेत बसावयाचे सोडून आपण नगररचनेसारख्या रुक्ष विषयावरचे व्याख्यान ऐकावयास आलात, याबद्दल प्रथम मी आपले आभार मानतो. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय कळविला, तेव्हा 'कलमे कमी सांगा आणि गोष्टी अधिक सांगा' अशी प्रेमाची ताकीदही दिली होती. ती शिरोधार्य मानून मी एका गोष्टीनेच आरंभ करतो. गोष्ट माझीच आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी मोजणीच्या कामावर होतो. गावाची विकास योजना तयार व्हावयाची होती. त्यासाठी गावातील प्रत्येक जागेचा आज काय उपयोग होत आहे, हे आम्ही हिंडून नकाशावर टिपत होतो. घर असेल तेथे एक रंग, दुकान असेल तेथे दुसरा, शाळा-दवाखान्याला तिसरा. गावाच्या पूर्वेला ओढ्याकाठी दीडेक एकराचा एक सपाट तुकडा होता. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा मंगळवार होता आणि दुपारचे बारा वाजले होते. दोन कडुनिंब, त्यांच्या सावलीत बसलेली चार गुरे, यापलीकडे तेथे काही नव्हते. मी नकाशावर तो तुकडा पांढरा ठेवला आणि वहीत लिहिले, 'मोकळी जागा. वापर नाही.'

पुढे योजनेचा मसुदा तयार झाला. मोकळी जागा हाती आहे म्हटल्यावर तिच्यावर व्यापारी संकुलाचे आरक्षण पडले. राजपत्रात नोटीस निघाली, वर्तमानपत्रात जाहिरात आली, हरकती मागविल्या गेल्या. हरकती पुष्कळ आल्या. त्या जागेविषयी मात्र एकही आली नाही. योजना मंजूर झाली. काही वर्षांनी तेथे दुमजली इमारत उभी राहिली.

नंतर पुन्हा एकदा कामानिमित्त मी त्या गावी गेलो. गुरुवार होता. मोटारतळाकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना, गटाराच्या काठाकाठाने, भाजीवाल्या बसल्या होत्या. मधून मोटारी जात होत्या. इतक्यात म्युनिसिपालिटीची गाडी आली, आणि पाट्या उचलून बायका धावू लागल्या. एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने मला ओळखले. मला म्हणाली, "सायेब, आमचा बाजार वढ्याकाठी भरायचा. माझ्या सासूच्या येळेपासनं. तुमी मोजाया आला व्हता, तवा बाजाराच्या दिशी का न्हाई आला?"

सभ्य गृहस्थहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. माझी मोजणी फुटाइंचापर्यंत बरोबर होती. कायद्याची एकही पायरी चुकली नव्हती. नोटीस निघाली होती, मुदत दिली होती, सुनावणी झाली होती. तरीही शे-दीडशे कुटुंबांचा पोटाचा आधार कागदावरून पुसला गेला. तो पुसणाऱ्याला आपण काही पुसतो आहोत याची जाणीवही नव्हती. आजचे माझे सारे म्हणणे त्या म्हातारीच्या प्रश्नात आले आहे. पुढे मी जे बोलणार आहे ते त्या प्रश्नाचे स्पष्टीकरण समजावे.

आता थोडे कायद्याविषयी, थोडेच बोलतो. आपल्या प्रांतात नगररचनेचा कायदा नवा नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना अधिनियम 1915 सालचा. त्याच्या जागी 1954 चा कायदा आला, आणि त्यानंतर महाराष्ट्र राज्याचा 1966 चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. आज आपल्या गावाची योजना होते ती या 1966 च्या कायद्याखाली. तिच्या पायऱ्या अशा. प्रथम नगरपालिका 'आम्ही योजना करणार' असा इरादा जाहीर करते. मग सहा महिन्यांत जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा करावयाचा असतो. मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते. तीत स्थायी समितीतील तीन सभासद आणि बाहेरचे चारपर्यंत जाणकार असतात. शेवटी सरकारची मंजुरी मिळते. एकदा मंजूर झालेली योजना वीस वर्षांच्या आत फेरतपासावी, असेही कायदा सांगतो.

यात लोकांचा सहभाग कोठे? आपण चटकन म्हणू, 'हरकती मागवितात ना!' आपल्याकडे सहभागाचा एवढाच अर्थ रूढ झाला आहे. परंतु हरकत ही वस्तू काय आहे, याचा विचार करा. कोणी तरी आपल्या घराचा नकाशा आपल्याला न विचारता काढला, भिंती उभारावयास गवंडी बोलाविला, आणि मग म्हणाला, 'तुमची काही हरकत असल्यास महिनाभरात लेखी कळवा.' याला आपण घर बांधण्यात घरमालकाचा सहभाग म्हणू काय? हरकत नकाशा झाल्यावर येते, म्हणून ती नेहमी 'नको' एवढेच म्हणू शकते. 'हे हवे' असे म्हणण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.

आणि दुसरे असे की, हरकत कोण घेतो? ज्याच्याजवळ सातबारा आहे, सिटी सर्व्हेचा उतारा आहे, वकील आहे, तो घेतो. त्याने घेऊ नये असे मी म्हणत नाही; आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या जागेवर रस्ता पडला तर कोण गप्प बसेल? परंतु गावातील जमीन ज्यांच्या मालकीची आहे त्यांच्याहून ती जे वापरतात ते किती तरी अधिक असतात. भाडेकरू आहेत, हातगाडीवाले आहेत, धुणे वाळत घालणारे परीट आहेत, मैदानावर खेळणारी पोरे आहेत. यांच्या नावाचा उतारा कोणत्याही दफ्तरात नाही. त्यांचा हक्क वहिवाटीचा. ही वहिवाट मोजणीच्या वहीत चढली नाही, तर पुढच्या एकाही पायरीवर तिला कोणी विचारीत नाही.

हरकतींच्या ढिगाने काय साधते आणि काय साधत नाही, याचे मोठे उदाहरण मुंबईचे. मुंबई महानगरपालिकेने 2014 ते 2034 या काळासाठी केलेल्या योजनेचा मसुदा 2015 च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. लोकांनी पाहिले तो काय, उभ्या इमारतींवरून रस्ते नेलेले, जुन्या वारशाच्या वास्तू यादीतून गळालेल्या, प्रार्थनास्थळांच्या जागी भलतीच खूण. 60,000 हून अधिक हरकती व सूचना आल्या. अखेर राज्य सरकारने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मसुदा पुन्हा तयार करावयास सांगितले. सुधारलेला मसुदा 2016 मध्ये आला आणि योजना अमलात आली ती 2018 च्या सप्टेंबरात. लोकांनी आवाज उठविला म्हणून चुका दुरुस्त झाल्या, ही गोष्ट मोठीच आहे. तिच्याबद्दल मुंबईकरांचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु जी योजना 2014 पासून चालावयाची ती चार वर्षे उशिरा आली. या चुका नकाशावर चढल्या त्या वेळीच गल्लीगल्लीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे तो कागद ठेवला असता, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. आपल्या दारावरून रस्ता जाऊ शकत नाही हे सांगावयास कोणा पदवीधराची गरज नाही. त्या दारात बसणाऱ्या आजीबाईंनाही ते सांगता येते.

मुंबईचे कोळीवाडे घ्या. कोळीवाड्यापुढचे आवार दुपारी पाहिले तर रिकामे दिसते. पण त्या आवारात मासळी सुकते, जाळी पसरून विणली जातात, होड्या ओढून ठेवतात. मोजणीदाराच्या लेखी ती मोकळी जमीन आणि कोळणीच्या लेखी तो कारखाना. 2018 साली योजना अमलात आली तेव्हाही कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमा ठरविण्याचे काम पुढेच ठेवावे लागले होते. महानगराच्या आधीपासून जे तेथे आहेत, त्यांचीच हद्द शेवटी आखली जावी, यात माझ्या ओढ्याकाठच्या बाजाराचीच कथा पुन्हा दिसते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो थोर माणसांनी घेतलेला आहे. ते म्हणतात, 'नगररचना हे शास्त्र आहे. पाण्याच्या नळाचा व्यास आणि रस्त्याची रुंदी ही काय मत मोजून ठरवावयाची? लोक आपापल्या अंगणापुरते पाहतात. सर्वांना रस्ता हवा असतो, पण तो शेजाऱ्याच्या जागेतून.' या आक्षेपात तथ्य आहे. मी स्वतः हरकतींचे गठ्ठे चाळलेले आहेत. त्यांत आपला भूखंड सोडून दुसऱ्याविषयी लिहिलेला कागद शोधावा लागतो.

परंतु लोक अंगणापुरते पाहतात, याचे एक कारण असे की आपण त्यांना अंगणापुरतेच विचारतो. वेगळे विचारले तर काय होते, याची एक जुनी हकिगत सांगतो. पॅट्रिक गेडीस नावाचे एक स्कॉटिश पंडित 1914 साली हिंदुस्थानात आले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला त्याचे ते पहिले प्राध्यापक, आपले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्यानंतर त्या विभागाचे प्रमुख झाले. गेडीसांनी आपल्याकडील अनेक शहरे पायी हिंडून पाहिली. त्यांचा आग्रह असा की आधी पाहणी, मग योजना. वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देऊ नये. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जेथे अगदी पडके असेल तेवढेच काढावे आणि बाकीचे जपावे, हे त्यांचे सूत्र.

हे गेडीस होळकरांच्या इंदुरात गेले, तेव्हा शहरात प्लेगचा धाक होता. मोजणीसाठी कोणी साहेब गल्लीत आला की घरे पाडणार, अशी लोकांची समजूत. म्हणून त्यांना पाहताच दारे लागत. गेडीसांनी युक्ती केली. दिवाळीची मिरवणूक काढण्याचा अधिकार त्यांनी दरबाराकडून मागून घेतला आणि दवंडी पिटविली की, यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरे लोकांनी अधिक स्वच्छ केली असतील, दुरुस्त केली असतील, त्या रस्त्याने जाईल. झाले! ज्या गल्लीत कालपर्यंत उकिरडे होते तेथे झाडलोट सुरू झाली. गाडे भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती, आणि शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांना सन्मानाने चालविले होते. एका हुकुमानेही जे झाले नसते ते लोकांनी हौसेने केले. 'तुमचे घर पाडू काय?' असे विचारल्यावर माणूस दार लावतो. 'तुमची आळी कशी असावी?' असे विचारल्यावर तोच माणूस खराटा घेऊन बाहेर येतो.

अलीकडचे उदाहरण पुण्याचे. 1997 साली पुण्याच्या हद्दीत आसपासची गावे आली आणि त्यांच्याबरोबर टेकड्याही आल्या. त्या टेकड्यांवर घरे होऊ द्यावी की त्या राखाव्या, हा प्रश्न उभा राहिला. सुमारे 978 हेक्टर टेकडी जैववैविध्य उद्यानासाठी राखावी, असा प्रस्ताव आला. त्या टेकड्यांवर पहाटे फिरावयास जाणारे, झाडे लावणारे, पावसाचे पाणी मुरते कोठे हे जाणणारे हजारो पुणेकर या प्रस्तावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्यापैकी फार थोड्यांची तेथे वीतभर जमीन असेल. म्हणजे, लोक फक्त अंगण पाहतात हे सर्वस्वी खरे नाही. 2015 साली सरकारने ते आरक्षण मान्य केले.

मात्र नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी आपल्याशी अप्रामाणिक होईन. त्या टेकड्यांच्या उतारांवर ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी आहेत, ते शेतकरीही त्याच शहराचे नागरिक आहेत. सर्वांना हवा मिळावी म्हणून एकाची जमीन अडकली, तर मोबदला काय आणि केव्हा, हा त्यांचा प्रश्न न्याय्य आहे. त्यावर पुढेही वाद चालू राहिला. कायदा सांगतो की, दहा वर्षांत आरक्षित जागा संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण सुटते. गावोगाव बागा आणि क्रीडांगणे अशी नकाशावर जन्मून नकाशावरच मरतात. टाळ्या वाजवून टेकडी वाचत नाही. तिच्यासाठी पैसाही उभा करावा लागतो. सहभागाचा हा कडू भाग आहे. जो मागतो त्याने वाटा उचलण्यासही तयार असले पाहिजे.

हा वाटा उघडपणे आणि न्यायाने कसा उचलावा, याचा धडा भुजने दिला आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भुजचे जुने शहर ढासळले. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की ढिगाऱ्याखालच्या माणसांपर्यंत पोहोचता येत नव्हते. रस्ते रुंद करणे भागच होते. तेथे 1915 च्या आपल्याच जुन्या कायद्यातून आलेली नगररचना परियोजनेची पद्धत वापरली. तिच्यात सर्वांच्या जागा एकत्र मांडून, प्रत्येकाकडून थोडथोडी घेऊन, रस्ते सोडून, उरलेली जागा पुन्हा ज्याची त्याला आखून द्यावयाची असते. नकाशे मालकांपुढे मांडले गेले आणि त्यांच्या बैठका झाल्या. कपातीचे प्रमाणही असे ठेवले की लहान जागेवाल्याला तिची झळ कमी आणि मोठ्या जागेवाल्याला अधिक. त्यामुळे आपले किती जाते, शेजाऱ्याचे किती जाते, आणि त्यातून दोघांना मिळून काय मिळते, हे एकाच कागदावर प्रत्येकाला दिसले. माणूस त्यागाला नाखूष असतो असे नव्हे. आपल्या एकट्याचाच बळी जातो आहे या शंकेने तो अडून बसतो.

मग आपल्या गावाने काय करावे? 2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील 45 टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहत असल्याचे आढळले. आपलेही गाव वाढत आहे; त्याच्या योजनेच्या फेरतपासणीची पाळी आज ना उद्या येईलच. मी तीन गोष्टी सुचवितो. त्यांना नवा कायदा लागत नाही, सरकारची परवानगीही लागत नाही.

पहिली गोष्ट अशी. पालिकेने इरादा जाहीर केला, की मसुद्याची वाट पाहू नका. कायद्याने या पहिल्याच पायरीवर लोकांच्या सूचना मागविलेल्या आहेत. ती जाहिरात आपण वाचीत नाही एवढेच. त्या वेळीच प्रत्येक पेठेने, प्रत्येक वाडीने आपल्या भागाचा नकाशा स्वतः करावा. शाळेतील मुले, निवृत्त मंडळी, भगिनी मंडळे यांनी मिळून एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि एकदा बाजाराच्या दिवशी फेरी मारावी. पाणी कोठे तुंबते, पोरे कोठे खेळतात, बाया कोठे बसून विकतात, पालखी कोठे विसावते, हे टिपावे. सुबक नसला तरी चालेल. तो खरा असावा. आणि तो नकाशा पोच घेऊन कचेरीत द्यावा.

दुसरी गोष्ट ही की, पालिकेचा विद्यमान वापराचा नकाशा कचेरीच्या कपाटात राहू देऊ नका. तो वाचनालयात, शाळेत, देवळाच्या आणि मशिदीच्या ओट्यावर, मराठीत आणि डोळ्यांना दिसेल एवढ्या मोठ्या आकारात लावावा, असा आग्रह धरा. आपल्या नकाशाशी तो ताडून पाहा. चूक दिसेल ती तेथेच दाखवा. पाया चढण्यापूर्वी दगड हलविणे सोपे असते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हरकतीची वेळ येईल तेव्हा प्रत्येकाने आपल्या जागेबद्दल खुशाल लिहावे. पण त्याबरोबर एक कागद अशा माणसासाठी लिहावा ज्याच्याजवळ उतारा नाही. या सभेत वकील आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. ज्या भाजीवालीकडून आपण वीस वर्षे मेथीची जुडी घेतो, तिचा बाजार नकाशावर आहे की नाही, हे पाहण्यास आपल्याला अर्धा दिवस पुरेल. तिला राजपत्र कोठून दिसणार? ते आपण तिच्यासाठी वाचले पाहिजे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंपैकी कोणी येथे असतील, तर त्यांनाही एक विनंती आहे. 'मोकळी जागा' हे दोन शब्द वहीत लिहिण्यापूर्वी शेजारच्या दोन घरांत विचारा. मी विचारले असते, तर मला कोणीही सांगितले असते. दोन मिनिटांचे काम होते. उन्हाचा तडाखा होता, जेवणाची वेळ झाली होती, आणि मला पुढच्या सर्व्हे नंबरावर जावयाचे होते. एवढ्यासाठी एक बाजार गेला.

त्या म्हातारीला मी त्या दिवशी काहीच बोलू शकलो नाही. तिची पाटी गाडीत गेली होती. ती सोडवून आणावयास मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो, दंडाची पावती फाडली, आणि पाटी तिच्या हाती दिली. तिने भाजी झटकून नीट लावली आणि परत त्याच रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. दुसरी जागा तिला नव्हती.

आपल्या गावाचा नकाशा पुन्हा निघेल तेव्हा अशी एकही पाटी त्याच्या बाहेर राहू नये, ही खबरदारी आपण सर्वांनी घ्यावी, अशी माझी विनंती आहे.